दुसरी बादली

मयुरीला राग आला की ती बोलत नसे, लेन्स पुसत बसे. त्या महिन्यात तिने लेन्स इतकी पुसली की काउंटरमागून तिचे बाबा, नागसेन, न राहवून म्हणाले, "काच हाय वं माय ते. झिजून जाईन."

हिंगणघाटच्या बाजारात त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो बाबा काढत आणि लग्न ठरलेल्या जोडप्यांचे मयुरी. हल्ली जोडप्यांना पडद्यापुढे उभे राहायचे नसते. त्यांना जागा हवी असते, आणि तीही अशी की मावसबहिणीच्या फोटोत आधी आलेली नसावी. अशी जागा शोधून काढणे हेच मयुरीचे खरे काम होते. गाव जुने, कापसाच्या व्यापारावर वाढलेले. बंद गोदामांच्या कमानी, वणा नदीकाठच्या झिजलेल्या पायऱ्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जुन्या जिनिंग गिरण्यांच्या विटांच्या भिंती. डोळे उघडे ठेवणाऱ्याला इथे जागांची वाण नव्हती, पण नुसते बघणे वेगळे आणि जागा ओळखणे वेगळे. मयुरी सकाळी स्कुटी काढी, एखाद्या भिंतीसमोर उभी राही आणि फोटो न काढताच परत येई. दुपारी पुन्हा जाई, संध्याकाळी पुन्हा. ऊन तिथे केव्हा येते आणि केव्हा उठून जाते हे कळल्याशिवाय कॅमेरा बाहेर निघत नसे.

अशीच तिला गावाबाहेरची पायऱ्यांची विहीर सापडली. विहीर भागाबाई नावाच्या एका बाईच्या घरामागे होती. दगडी पायऱ्या, मध्ये एक कमान, आणि दुपार कलली की पाण्यावरची तिरीप त्या कमानीच्या आतल्या अंगावर हलत राही. पण ते भागाबाईच्या वस्तीचे पिण्याचे पाणी होते. म्हणून भागाबाईने अट घातली होती.

"एका वेळी एकच जोडपं आन. चपला वर काढून ठेवाच्या. आन् जागा कोणाले सांगाची नाई."

"नाही सांगत, मावशी," मयुरीने शब्द दिला होता, आणि तो पाळलाही होता.

तो मोडला रुपेशने. रुपेश पूर्वी तिच्याबरोबर लाइट धरायला येई. बोलका, चटपटीत, लोकांना हसवणारा. त्याला काम शिकवताना मयुरीने हातचे काही राखले नव्हते. मग त्याने स्वतःचा कॅमेरा घेतला आणि एक दिवस मोबाईलवर त्याचा व्हिडिओ आला, 'हिंगणघाटातले गुपित स्पॉट'. त्यातली एकूण एक जागा मयुरीने शोधलेली. शेवटची जागा विहीर, आणि खाली तिथे पोचण्याचा नकाशासुद्धा.

पुढे व्हायचे ते झाले. गाड्यांवर गाड्या आल्या. कुणी पायऱ्यांवर केक कापला. कुणी चमकीचे कागद उधळले, ते पाण्यावर तरंगत राहिले. रुपेशला रंगीत धुराचा भारी सोस. त्याच्या प्रत्येक फोटोत मागे गुलाबी नाहीतर निळा धूर हवाच. त्या धुराचे जळके डबे विहिरीच्या तळाशी जाऊन बसले आणि पाण्याला वास येऊ लागला. वस्तीने विहिरीभोवती बोरीच्या काट्या लावल्या.

मयुरी धावत गेली तेव्हा भागाबाई काट्यांच्या पलीकडे उभी होती.

"मी नाही सांगितलं, मावशी. आईशप्पथ."

"पोराले इथं कोनं आनलं होतं?" भागाबाईने शांतपणे विचारले. "तूनंच ना? मंग जा आता."

एवढे बोलून ती आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या दिवसापासून मयुरीच्या मनात एकच गोष्ट उरली. रुपेशला चारचौघांत अशी अद्दल घडवायची की त्याने पुन्हा दुसऱ्याच्या जागेवर पाय ठेवताना दहादा विचार करावा.

हाताशी तिच्याकडे एक गोष्ट होती. तिने फोटो टाकला की आठवडाभरात रुपेश त्याच जागी जाऊन उभा राही. तशी त्याला सवयच होती. मग मयुरीने जाळे लावले.

कापसाचा हंगाम सुरू होता. ओळखीच्या जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग लागले होते, घराएवढे उंच आणि पांढरेशुभ्र. तिने जेवणाच्या सुट्टीत आपल्या मामेबहिणीला आणि तिच्या नवऱ्याला त्या ढिगाच्या पायथ्याशी उभे केले. फोटोत ते दोघे बर्फात उभे असल्यासारखे दिसत होते. खाली तिने लिहिले, 'विदर्भातला बर्फ'. जागेचे नाव दिले नाही. फक्त एका कोपऱ्यात जिनिंगच्या जुन्या धुराड्याचा शेंडा येऊ दिला. एरवी अशी चूक तिच्या हातून कधी झाली नसती.

आता जिनिंगचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळे त्यावरच बेतलेले होते. कापसाची आग साधी नसते. वरून पाणी मारले की विझल्यासारखी वाटते, पण आत वाट काढत राहते, आणि दोन दिवसांनी भलत्याच जागी डोके वर काढते. म्हणून फाटकापाशी एक लाकडी पेटी ठेवलेली असते. आत जाणारा मजूर असो की मालकाचा पाहुणा, काडेपेटी, विडी, लायटर सगळे त्या पेटीत टाकायचे. कुणी लपवून नेले आणि सापडले, तर तिथल्या कामकरी बाया त्याची अशी हजेरी घेतात की तो वर्षभर त्या रस्त्याने जात नाही.

फाटकावर ताराचंद बसायचा. त्याच्या हाताखालून खिळासुद्धा सुटत नसे. मयुरीचा हिशेब सरळ होता. रुपेश मोठ्या घरचे गिऱ्हाईक घेऊन येईल, ताराचंद त्याची बॅग उपसेल, धुराचे डबे सापडतील, आणि मग बाया, गिऱ्हाईक आणि मयुरीचा कॅमेरा, सगळ्यांच्या समोर त्याची शोभा होईल. आगीचा प्रश्नच नव्हता. डबे फाटकाच्या आत येणारच नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत रुपेश येतो आहे ही बातमी ताराचंदनेच तिला दिली. मयुरी आधीच जाऊन वजनकाट्याच्या आडोशाला उभी राहिली.

"जय भीम, मामा. आज गंमत पाहाजो."

"कायची गंमत वं?"

"पाहाजो तर."

आणि मग गाडी आली. आर्वीच्या एका बड्या ठेकेदाराची काळी, मोठी, काचा चढवलेली गाडी. हॉर्न वाजला. काच खाली आली, ठेकेदाराचा मुलगा अंकित गॉगलमधून म्हणाला, "सेठशी बोलनं झालं हाय," आणि ताराचंद, ज्याच्या हाताखालून खिळा सुटत नसे, तो चटकन उठला, सलाम केला आणि फाटक सताड उघडले. मागच्या सीटवर रुपेश मांडीवर बॅग घेऊन बसला होता. पेटीकडे कुणी पाहिलेही नाही.

मयुरी आडोशातून पुढे आली. "मामा! बॅग काऊन नाई पाह्यली?"

"मोठ्या मानसाची गाडी हाय ना वं. ते काय विड्या पेतेत?"

ती आवारात धावली. ढिगापाशी अंकित काळ्या मखमली शेरवानीत उभा होता, शेजारी त्याची होणारी बायको जागृती लाल घागरा सावरत होती. रुपेश दोघांना हसवत होता. "भाऊ, जरा प्रेमानं पाहा ना. बिल पाह्यल्यावानी काऊन पाहून राह्यले?"

ढिगाच्या माथ्यावर, लाकडी माचाणापाशी, भागाबाई दोन बायांबरोबर भाकर खात बसली होती. हंगामात ती इथे बायांची मुकादम असे. मयुरीला हे ठाऊक होते. जाळे विणताना मात्र ते तिच्या ध्यानातच आले नव्हते.

रुपेशने बॅगेतून डबा काढला.

"ए! आत काय आनलं थे?" वरून भागाबाई ओरडली.

"काही नाई मावशी, धूर हाय फक्त. आग नाई. काडी लावाचीच नाई लागत, हे पाहा!" आणि त्याने डब्याची कडी ओढली.

त्या क्षणी मयुरी भिंतीवर टांगलेल्या लाल बादल्यांपाशी होती. आणि खरे सांगायचे तर एक श्वासभर ती थांबली. होऊ दे, असे तिच्या मनात येऊन गेले. पेटू दे एक कोपरा, कळू दे सगळ्यांना हा माणूस काय आहे. मग गुलाबी धुराच्या मुळाशी ठिणग्यांची पिचकारी दिसली, डबा रुपेशच्या बोटांना भाजला, त्याने तो झटकला आणि तो नेमका कापसात पडला. वर माथ्यावर भागाबाई उभी राहिली होती.

मयुरीने बादली उचलली आणि पळत जाऊन रिकामी केली. डबा फुसफुसला आणि विझला. बाया माथ्यावरून घसरत खाली आल्या, त्यांनी हातांनी कापूस ओढून बाजूला केला, काळा पडलेला भाग खणून काढला, पायांनी तुडवला. ताराचंद नळी घेऊन आला. आणखी पाणी पडले. धूर विरला.

सगळे धापा टाकत उभे होते. रुपेश गळ्यातला कॅमेरा सावरत म्हणाला, "अरे, एवढं काय झालं? विझला ना?"

मयुरीने भिंतीवरून दुसरी बादली काढली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि ती त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत ओतली.

पहिली बादली आगीसाठी होती. दुसरी नव्हती.

रुपेशच्या केसांतून पाणी गळत होते. कॅमेऱ्याच्या काचेमागेही पाणी शिरले होते. अंकितने आपल्या शेरवानीकडे पाहिले. काळी मखमल रुईच्या तंतूंनी पांढरी झाली होती, म्हाताऱ्या बोकडाच्या पाठीसारखी. जागृती आधी घाबरली होती, आता ती तोंडावर ओढणी धरून हसू लागली.

"तू तर म्हने, दोन मिनिटाचं काम हाय!" अंकित रुपेशवर खेकसला. "जाळून मारतं का आमाले? चल जागृती. आन् तू, फोन नको करजो पुन्हा."

गाडी गेली. रुपेश तिच्यामागे चार पावले धावला, तोच भागाबाईचा आवाज आला.

"कुठी चालला बे?"

तो थांबला.

"जो कापूस भिजवन तोच वाळवन. इथली रीत हाय ते. ताराचंद, फाटक लाव."

"मावशी, मी कायले? हिनं पानी टाकलं ना!"

"हिलेही हायच," भागाबाई म्हणाली आणि मयुरीकडे वळली. तिची नजर धारदार होती. "फोटोत धुराडं तूनंच ठेवलं होतं ना? मले कामावरच्या पोरीनं दाखवला होता थो फोटो. तू अशी चुकत नाईस."

मयुरीला खोटे बोलवले नाही. "हो, मावशी. पण मला वाटलं, ताराचंदमामा फाटकावरच..."

"वर आमी बसलो होतो, थे वाटलं नाई?"

मयुरीने मान खाली घातली आणि वाळवणाच्या ताडपत्रीचे टोक उचलले.

दुपारभर दोघे ओला कापूस पसरत होते. ओला कापूस जड असतो, गोळे होऊन बसतो. तो बोटांनी पिंजावा लागतो, पातळ पसरावा लागतो आणि थोड्या थोड्या वेळाने उलटावा लागतो. बाया कामावर परतल्या, पण येता-जाता टोमणा मारल्याशिवाय एकही पुढे जात नव्हती.

"काय वो फोटोवाले, बर्फ पडून राह्यला का?"

"पातळ कर रे जरा! नवरीचा पदर हाय का थो, हळूच उचलाले?"

रुपेश दातओठ खात पिंजत होता. शेवटी तो मयुरीकडे न पाहता म्हणाला, "तूनं मुद्दाम केलं."

"हो."

"माह्यं गिऱ्हाईक गेलं. कॅमेरा गेला."

"विहिरीचं पाणी गेलं, त्याचं काय?" मयुरी म्हणाली. "तुला ती जागा मी दाखवली होती. पाठच्या भावासारखं समजून. आता पिंज."

रुपेशने पुढचा गोळा पिंजायला घेतला. तिला वाटले होते, एवढे झाल्यावर मन निवेल. पण राग अजून छातीत तसाच होता. फक्त आता त्यात थोडी स्वतःची लाजही मिसळली होती.

ऊन कलले. यंत्रे चालू होती आणि हवेत रुई उडत होती. ओल्या अंगावर ती बसत गेली होती. रुपेशचे केस, भुवया, मिशा, शर्ट, पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. ताडपत्रीच्या मधोमध उकिडवा बसलेला, हातात कापसाचा गोळा आणि चेहऱ्यावर जगातला सगळा वैताग. मयुरीने नकळत कॅमेरा उचलला. समोरून पाहिले, बाजूने पाहिले. जमेना. मागे भिंत येत होती.

"तिथून काय दिसते?" माचाणावरून आवाज आला. भागाबाई खाली वाकून पाहत होती. "वर ये. इथून लय चांगला दिसते थो."

माचाणावर बाहेरच्या माणसाला चढू देत नसत. मयुरी चढली. वरून सगळे आवार दिसत होते, पांढरे आणि विस्तीर्ण, आणि तिरप्या उन्हात तरंगणारी रुई सोन्याच्या धुळीसारखी चमकत होती. त्या सगळ्या पांढऱ्या पसाऱ्यात ओल्या कापसावर तो एकटाच बसला होता, एवढासा. ऊन इथे केव्हा येते हे भागाबाईला वर्षानुवर्षे ठाऊक असणार.

तिने एकच फोटो काढला. भागाबाईने तो पाहिला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू फुटले.

"भूत दिसून राह्यलं मेलं."

"टाकू का, मावशी? सगळ्यांना दिसेल."

"टाक ना. त्यानं माह्यी विहीर सगळ्यायले दाखवली, तू त्याले दाखव." मग तिने पायाखालच्या फळीवर हात ठेवला. "पन हे माचान कोनाले सांगजो नोको."

"नाही सांगत."

"मागंही असंच म्हनली होती."

"तेव्हाही मी सांगितलं नव्हतं, मावशी. आणलं होतं. आता आणणारही नाही."

भागाबाईने तिच्याकडे नीट पाहिले आणि भाकरीचे फडके झटकून कामाला लागली.

फोटो दुसऱ्या दिवशी गावभर झाला. खाली मयुरीने लिहिले होते, 'हिंगणघाटातला गुपित स्पॉट. धुराचे डबे आणू नयेत.' रुपेशला ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवरची पोरे त्याला 'बर्फवाला' म्हणू लागली आणि आर्वीच्या दोन लग्नघरांनी ठरलेले काम नको म्हणून कळवले.

संध्याकाळी त्याचाच निरोप आला. शिव्या असतील असे समजून मयुरीने तो उघडला. शिव्या नव्हत्या. एवढेच होते: 'कुठून काढला हा? मी सगळीकडून पाह्यलं, हा अँगल कुठीच सापडत नाई.'

मयुरीने निरोप दोनदा वाचला. मग फोन पालथा ठेवला, लेन्सचे फडके घडी करून खणात टाकले आणि बाबांना म्हणाली, "चला, आज मी चहा पाजते."