आरशातला समोरचा

बाबांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा दुकान मला द्यायचं की खुर्ची विकून मोकळं व्हायचं, एवढाच प्रश्न घरात होता. मी एकुलती एक. केस कापायला केव्हाच शिकले होते, पण दाढीला बाबा हात लावू देत नसत, कारण मी डावरी.

"कात्री एक वेळ चालेल," ते म्हणायचे. "डाव्या हातात वस्तरा बघितला की गिऱ्हाईक साबणासकट पळेल."

म्हणून मी फुग्याला साबण लावून उजव्या हाताने सराव करायचे आणि फुगे फोडायचे. आई आतून विचारायची, "दाढी चाललीय की कुणाचा वाढदिवस?"

शेवटी बाबांनी ठरवलं. रविवारी मी त्यांचीच दाढी करायची. जमली तर दुकान माझं, नाहीतर सोमवारी खुर्ची न्यायला माणूस येणार. मात्र स्वतःचा वस्तरा ते देईनात. "पहिला वस्तरा ज्याचा त्यानं निवडायचा. मी नुसता बघेन," म्हणाले.

नुसतं बघणं त्यांना कधी जमलं नाही. धारवाल्याकडे जाताना त्यांनी खिशात काचेचा तुकडा घेतला होता. धारवाल्याने जुन्या वस्तऱ्यांची पेटी पुढे सरकवली. मी एक चकचकीत वस्तरा उचलला.

"ठेव तो. एवढा घासलाय म्हणजे खाली गंज होता."

दुसरा मला हलका म्हणून आवडला.

"हलका नाही, झिजलाय. धार लावून लावून पाठ सपाट झालीय, दिसत नाही?"

तिसरा त्यांनी काचेवर आडवा ठेवला आणि बोटाने दाबला. तो डुगडुगला. पातं वाकलेलं होतं. बाबांनी धारवाल्याकडे असं पाहिलं, जणू ते त्यानेच रात्री बसून वाकवलं होतं.

धारवाला खाली वाकला. त्याने खालच्या कप्प्यातून काळ्या दांडीचा एक वस्तरा काढून माझ्यापुढे ठेवला. काचेवर तो जराही हलला नाही. पातं बिनचमकेचं, पण नितळ.

"हा कुणाचा?" बाबांचा आवाज बदलला.

"तुमच्या समोरच्याचा, दादा."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा न्हावी. त्याने दुकान थाटलं त्या दिवसापासून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याचं नाव आमच्या घरात निघत नसे, आणि "दुसऱ्याच्या दुकानात डोकवायचं नाही" म्हणून मलाही तिकडे बघायची बंदी होती. बाबा स्वतः मात्र दिवसभर त्याला बघत. रस्त्याकडे पाठ करून, आपल्या मोठ्या आरशातून. गिऱ्हाईक कोण गेलं, किती वेळ बसलं, हसत बाहेर आलं की कसं.

"त्यानं विकायला का काढला?"

"विकायला नाही. ताई पहिला वस्तरा घ्यायला आली तर पुढे कर, म्हणाला."

"म्हणजे हिच्यासाठी ठेवलाय? पहिल्याच दाढीला हिनं कुणाचा तरी गाल कापावा आणि आमची गिऱ्हाइकं आयती त्याच्याकडे जावीत, असंच ना?"

"मी फक्त धार लावतो, दादा," म्हणत धारवाल्याने चाक फिरवायला घेतलं.

बाबा निघाले. मी मात्र तो वस्तरा घेतला. निवडायचा मला होता, आणि काचेवर न डुगडुगणारा तोच एक होता.

दुकानात आल्यावर बाबांनी तो माझ्या हातातून ओढूनच घेतला, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला आणि आपल्या डाव्या मनगटावरचे केस काढून पाहिले. हात थरथरत होता, तरी त्यांना कळलं.

"बघ. अंगठा धड बसत नाही. पात्याच्या मानेवर खळगा पडलाय, तोही भलत्याच बाजूला. मुद्दाम बिघडवून दिलाय."

मी वस्तरा घेतला. उजव्या हातात अंगठा खरंच घसरत होता. मग सवयीने तो डाव्या हातात गेला, आणि अंगठा त्या खळग्यात जाऊन बसला, जसा तो माझ्याच अंगठ्याने पाडलेला असावा.

"बाबा, समोरचे डावरे आहेत?"

"काहीतरीच. इतकी वर्षं बघतोय मी त्याला. चांगला उजव्या हातानं करतो."

"कुठून बघता?"

त्यांनी आरशाकडे बोट केलं आणि ते बोट तसंच राहिलं. आरशात उजवं ते डावं दिसतं हे न्हाव्याला कुणी सांगावं लागत नाही, पण बाबांनी समोरच्याकडे सरळ असं कधी पाहिलंच नव्हतं. त्याने मात्र आमच्याकडे सरळ पाहिलं होतं. माझ्या डाव्या हातातली कात्रीसुद्धा.

"तरी काहीतरी हवं असणार त्याला," बाबा म्हणाले.

रविवारी ते खुर्चीत बसले. मी साबण लावला आणि वस्तरा डाव्या हातात धरला. त्यांनी अडवलं नाही, पण डोळे मिटले नाहीत. सबंध दाढीभर ते आरशातून माझा हात बघत होते. मी हनुवटीखाली गेले तेव्हा ते श्वास धरून बसले. शेवटी गालावरून, मग गळ्यावरून उलटी बोटं फिरवली. रक्त शोधत होते. सापडलं नाही.

"आरशात तर बरोबरच दिसतंय," म्हणाले. "गिऱ्हाईकही आरशातूनच बघतं म्हणा."

मग त्यांनी पायाने खुर्ची फिरवली आणि पहिल्यांदा रस्त्याकडे तोंड केलं. समोरचा आपल्या दारात उभा होता. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून आमच्याकडे बघण्याची धडपड करत होता.

"त्याला दिसत नाहीये," बाबा हळूच म्हणाले. "डोळे गेलेत त्याचे. म्हणून दिला." मग थोडं थांबून, "आता बघ, उद्या दाढीला येऊन बसेल. ओळखीचा म्हणून मध्येच घ्यायचं नाही. नंबर लावायला सांग."

सोमवारी खुर्ची न्यायला आलेल्या माणसाला आईने दारातूनच परत पाठवलं. समोरचे आले, तेव्हा माझ्याकडे एक गिऱ्हाईक होतं. ते बाकावर बसले. बाबांनी त्यांच्याकडे पाठ केली नाही.