एका टाचेची वाट

मित्रांनो, मला नीट बघून घ्या. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, कडेचे दोरे सुटलेली, कोपऱ्यात हळदीचा डाग मिरवणारी मी एक जुनी सतरंजी आहे. हल्ली योगा म्हटला की लोकांना ती गुळगुळीत रबरी मॅट आठवते. आठवू दे बापडी! पण पार्वतीबाईंनी योगाचा पहिला धडा माझ्यावर गिरवला, हे मी कोणाला विसरू देणार नाही.

माझा जन्म कामठीचा. गावभर यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्यात धोंडबा नावाच्या म्हाताऱ्या विणकराचा एकटा हातमाग आपल्या संथ चालीने चालायचा. त्या मागावर मी विणले गेले. "हिले काही होत नाही बाई, पाहून घ्या," असं सांगून त्यांनी मला पार्वतीबाईंच्या हाती दिलं. प्रताप नगरातल्या त्यांच्या घरी मी पाहुणे बसवले, पापड वाळवले, मुलाच्या लग्नात हळदीला पसरले गेले. आलं-गेलं सगळं माझ्यावरच. मी मनातून खूश होते.

पार्वतीबाई शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाल्या आणि त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. दर रविवारी त्या विहारात जात. बाकीच्या बायका खाली रांगेत बसून वंदना म्हणत, आणि यांना मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावं लागे. छप्पन्न साली याच शहरात धम्म स्वीकारलेल्या आईने त्यांना लहानपणी पंचांग प्रणाम शिकवला होता. दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि कपाळ जमिनीला टेकवून तीनदा वंदन करायचं. खुर्चीवरून ते कसं होणार? "मले एकदा खाली टेकता आलं पाहिजे वं," एवढंच त्या सून दीप्तीला म्हणत.

मग दीप्तीने आपल्या मोबाईलवर गुडघ्यांसाठीच्या योगाचा एक व्हिडिओ लावून दिला. रोज सकाळी पार्वतीबाई मला अंथरत, मोबाईल तांब्याला टेकवत आणि सुरुवात करत. पाय लांब करून टाच हळूहळू जवळ ओढायची, पुन्हा दूर सरकवायची. आधी उजवा पाय, मग डावा. पण दीप्ती दवाखान्यात नर्स. उजवा पाय होतो न होतो तोच ती पर्स घेऊन उभी. "आई, द्या न मोबाईल. मले उशीर होऊन राहिला." झालं, व्हिडिओ बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा उजवा पाय.

चार महिने हेच चाललं. उजव्या टाचेने घासून घासून माझ्या अंगावर फिकट वाट पडली. डावीकडे मी नव्यासारखी कोरी. मला कळत होतं हो! मी काय करणार? एकदा चुरगळून त्यांच्या पायात आले, तर त्यांनी मला ताठ ओढून पुन्हा सरळ केलं.

आणि मग तो रविवार आला. विहारात त्यांनी मोठ्या हौसेने खाली बसायला घेतलं. उजवा गुडघा वळला, डावा अडकला. खाली तर टेकल्या, पण उठता येईना. घरी येऊन त्या माझ्याकडे बघेचनात. "दोघीजणींनी काखेत हात घालून उठवलं मले," त्या दीप्तीला म्हणाल्या, "चार महिने काय केलं मग मी?"

दीप्तीने त्यांना दोन गल्ल्या पलीकडच्या योगवर्गात नेलं. पार्वतीबाईंनी हट्टाने मलाही काखेत घेतलं. तिथली फरशी आरशासारखी, माझं तर पाऊलच ठरेना. शिकवणारी अदिती मला सारखी करायला वाकली आणि तशीच थांबली.

"मावशी, उजव्या टाचेची वाट दिसून राहिली. डाव्या टाचेची कुठं आहे?"

"डाव्याची पाळी येते तेव्हा दीप्तीची ड्युटीची वेळ होते न, मोबाईल तिचा, व्हिडिओ बंद."

"मग दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे लावायचं होतं."

"मधातूनच कसं सुरू करावं?" पार्वतीबाई खरोखर चकित झाल्या. "वंदना मधातून म्हणते का कोणी?"

अदिती हसली नाही, याबद्दल मी तिला दुवा देते. "बरं, पहिल्यापासूनच करू," ती म्हणाली. "पण आजपासून डावा पाय आधी." आणि पुढच्याच श्वासात म्हणाली, "ही सतरंजी इथं घसरते, मावशी. उद्यापासून मॅट."

आयुष्यात एकदाच मला माझं म्हणणं सांगता आलं, आणि त्याच दिवशी माझी जागा गेली.

दिवाणाच्या पोटात, रजयांच्या खाली मी आठ महिने पडून होते. सकाळी बाहेर मॅट उलगडल्याचा आवाज यायचा. "आधी डावा," असं पार्वतीबाई स्वतःशी पुटपुटायच्या. आता त्यांना मोबाईलची गरज उरली नव्हती. त्यांचा लांब, शांत श्वास मला ऐकू यायचा आणि माझा जीव तुटायचा. आज तरी काढतील, असं मला रोज वाटायचं.

आषाढ पौर्णिमेला विहारात गर्दी होणार म्हणून सतरंज्या हव्या होत्या. तेव्हा दिवाण उघडला.

"हे तर तुमच्या आवडीची न, आई? काहून देऊन राहिल्या?" दीप्तीने विचारलं.

"घडी करून ठेवण्यापरीस कोणी बसंल तरी हिच्यावर," असं म्हणून त्यांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला.

विहारात मला तिसऱ्या रांगेत अंथरलं. पार्वतीबाई खुर्च्यांकडे गेल्याच नाहीत. माझ्यावर आल्या, हळूच गुडघ्यांवर बसल्या. दोन्ही गुडघ्यांचा भार सारखा पडला. मग तळहात आले, मग कपाळ. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कपाळ बराच वेळ टेकलेलं राहिलं आणि माझ्या दोऱ्यांना ओल लागली. लोक घाम म्हणतील, मला तो घाम वाटला नाही. मग त्या कोणाचाही हात न धरता उठल्या आणि घरी गेल्या. मी तिथेच राहिले.

आता वीस सतरंज्यांच्या गठ्ठ्यात माझा मुक्काम असतो. पार्वतीबाई दर रविवारी येतात आणि जागा मिळेल तिथे बसतात. त्यांना आता कुठेही बसता येतं. मागच्या रविवारी त्या शेजारच्या सतरंजीवर होत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. वंदना संपेपर्यंत मी त्यांच्या पदराकडे बघत राहिले.

माझं जाऊ द्या. पण मित्रांनो, तुमच्या घरात आई, आजी, मावशी कोणी सकाळी एकटी व्यायाम करत असेल, तर दहा मिनिटं तिच्याजवळ बसा. तिचं काय सुटतंय ते बघा आणि हळूच सांगा. मला चार महिने सगळं दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. तुम्हाला तर येतं.