ठुमकीचं सातवं वेत

लोकांच्या खिशाखिशात कॅमेरा आला आणि फोटोवाल्याच्या स्टुडिओची पायरी चढणारं कुणी उरलं नाही. दोन वर्षं त्याने कसाबसा तग धरला. मग पाटी उतरवली, आकाशी पडदा आणि दोन दिवे घरी आणून मागच्या खोलीत लावले आणि कुत्र्यांची पिल्लं विकायला सुरुवात केली. चपट्या नाकाची, टपोऱ्या डोळ्यांची, मांडीत मावणारी जात. विक्रीसाठी पिल्लांचे फोटो तोच काढी, हात मुळातच चांगला. पिल्लू धापा टाकायचं थांबेल तो अर्धा क्षण तो अचूक पकडायचा.

बाकीचं सगळं बायकोकडे. गल्लीत लहानथोर तिला वहिनीच म्हणत. घरची मादी ठुमकी व्यायला लागली की तिच्यापाशी बसायचं, अडलेलं पिल्लू बोटांनी सोडवायचं, ज्याला आचळ धरता येत नाही त्याला ड्रॉपरने दूध पाजायचं, फडकी उकळायची. एखादं सकाळी गार पडलेलं सापडे. ते उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून परसात पुरायचं, हेही तिचंच काम.

ठुमकीचा पहिला नर मेला तेव्हा फोटोवाल्याने बाहेर दुसरा शोधलाच नाही. तिच्या दुसऱ्या वेतातला गुंड्या घरातच होता.

"अहो, पोटचा मुलगा आहे तो तिचा," वहिनी म्हणाली होती.

"कुत्र्यांना कसली आलीत नातीगोती? तू काय सोयरिक जुळवायला निघालीस?" तो हसला होता. तीही हसली होती, ते तिला नंतर फार लागलं.

गुंड्याची पिल्लं डोक्याने मोठी निघाली. घुमटासारखं गोल डोकं, डोळे जरासे खाली वळलेले. गिऱ्हाइकं त्या डोक्यावरच लट्टू होत. पण वहिनीचं बोट पिल्लाच्या टाळूवर गेलं की मऊ लागे, आत दबे. दीड महिना झाला तरी टाळू भरत नसे. एखादं पिल्लू गोल गोल फिरत राही, नाहीतर भिंतीला कपाळ टेकून तासभर उभं. नवऱ्याला दाखवलं की तो म्हणे, "खेळतंय गं." तिने दाखवायचं सोडून दिलं.

सातव्या वेतातली चार पिल्लं महिन्याची झाली असतील. एका दुपारी शिंपी आला. टेप अजून गळ्यातच होती. सहाव्या वेतातलं पिल्लू त्याने बहिणीसाठी नेलं होतं. तो बसला नाही.

"भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "पिल्लाला झटके येतात. डॉक्टर म्हणतात, डोक्यात पाणी झालंय. जन्मापासूनचं असू शकतं, नाहीतर मार लागला असेल. त्यांनी विचारलंय, याच्या आधीच्या पिल्लांना असं कधी झालं होतं का?"

"छे हो!" फोटोवाला म्हणाला. "इतकी पिल्लं दिली, एकाची तक्रार नाही. पडलं असेल कुठूनतरी. आठवून बघा."

शिंपी हळू आवाजात म्हणाला, "ताईच्या मांडीवरून पडलं होतं एकदा. झोप लागली होती तिला."

"बघा! तरी म्हटलं."

वहिनी दारात दुधाचं भांडं घेऊन उभी होती. शिंप्याने तिच्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही तर सगळी पिल्लं हाताळता. तुमच्या पाहण्यात काही?"

नवऱ्याची नजर तिच्यावर होती. तिने मान हलवली. नाही म्हणून. शिंपी आभार मानून गेला.

पुढचे पंधरा दिवस तिने कामात डोकं खुपसून घेतलं. तीन पिल्लं विकली गेली. उरलेली मादी सगळ्यात मोठ्या डोक्याची. तिला नेणारं जोडपं यायच्या आदल्या दिवशी पिल्लू फरशीवर आडवं झालं, चारही पाय ताठ, तोंडाला फेस. वहिनीने त्याला कुशीवर धरलं. झटका ओसरला तेव्हा पिल्लाला ती कोण हेही कळत नव्हतं. नवरा दारातून बघत होता.

"उद्याच्याला ठीक होईल ना?" त्याने एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी पिल्लू चालत होतं. जोडप्यातली बाई, तिचे दिवस भरत आले होते, पिल्लाला गालाशी धरून म्हणाली, "काही खास काळजी घ्यावी लागते का हो?"

"प्रेम करा, बस्स," फोटोवाला म्हणाला.

पिल्लू तिच्या हातात वहिनीनेच दिलं होतं. दार लागलं. न्हाणीघरात जाऊन तिने तोंड धुतलं, चपला घातल्या आणि शिंप्याच्या दुकानाकडे निघाली.

दुकानात मशीन चालू होतं. तिला पाहून शिंप्याने पाय थांबवला.

"पिल्लू सोमवारी गेलं," तो म्हणाला.

ती मशीनजवळ आली. "भाऊ, मी त्या दिवशी खोटं बोलले. आधीच्या पिल्लांनाही झालं होतं. मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांचा बाप ठुमकीचाच मुलगा आहे. तुमच्या पिल्लाची टाळू भरलेली नव्हती, तुम्ही नेलं त्या दिवशी मला माहीत होतं."

शिंप्याने हातातलं कापड खाली ठेवलं. तो रागावेल असं तिला वाटलं. तो उठला आणि मागचा पडदा बाजूला केला. मागे खोली होती. खाटेवर त्याची बहीण बसली होती, केस न विंचरलेले, समोर झाकलेलं ताट.

"हिला सांगा," तो म्हणाला. "मी सांगून थकलो. सोमवारपासून घास उतरत नाही. म्हणते, मी मारलं त्याला."

वहिनीने सगळं पुन्हा सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. बहीण ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, "हा तुमच्या दारात विचारायला आला होता तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"मग मी पंधरा दिवस त्या पिल्लाची माफी मागत बसले होते. त्याला झटके येत होते आणि मी त्याच्या कानात माफी मागत होते." तिचा आवाज चढला नाही. "जा तुम्ही. परत येऊ नका."

वहिनी निघाली. शिंपी दारापर्यंतही आला नाही.

त्याच आठवड्यात फोटोवाला चार दिवस लग्नाचे फोटो काढायला गेला. कधीमधी तेवढं काम अजून मिळे. वहिनी ठुमकीला कडेवर घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी ठुमकीचं पोट दाबून पाहिलं, श्वास ऐकला.

"किती वेतं झाली?"

"सात."

"वय?"

"सहाला थोडं कमी."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही आकडे कागदावर लिहिले. "पिशवी काढता येईल. पण या जातीला भूल देणं म्हणजे जीव टांगणीला. आधीच हिला श्वास पुरत नाही. उठेल असं वचन देत नाही मी."

"आणि नाही काढली तर?"

"तर तुमच्याकडे आठवं वेत होईल."

वहिनीने सही केली. तीन तास ती बाकावर बसून होती. ठुमकी उठली, पण श्वास अडकला होता, म्हणून दोन दिवस तिथेच नळी लावून ठेवली. पिशवी कागदासारखी झाली होती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या खेपेला फाटलीच असती.

फोटोवाल्याने परत आल्यावर टाके पाहिले. आरडाओरडा केला नाही. "माझ्या पोटावर पाय दिलास," म्हणाला आणि पडदा उतरवायला लागला. आठवडाभरात तो गुंड्याला, दिव्यांना आणि पडद्याला घेऊन मित्राकडे राहायला गेला. मित्राकडे चौथ्या वेतातली मादी होती. गुंड्याचीच मुलगी.

वहिनीकडे काही गिऱ्हाइकांचे फोन नंबर होते. रोज दुपारी ती दोघातिघांना फोन करी आणि तेच सांगे: तुमच्या पिल्लाचा बाप त्याच्या आईचाच मुलगा आहे, डॉक्टरांना हे सांगा, आणि कृपा करून याची पिल्लं होऊ देऊ नका. काहींनी शिव्या घातल्या. चौघांची पिल्लं केव्हाच मेली होती. एकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पुढची पिल्लं कधी निघणार आहेत.

त्या जोडप्याला तिने सगळ्यात शेवटी फोन लावला. त्या बाईच्या नवऱ्याने उचलला. मागे तान्हं मूल रडत होतं. तिने त्यालाही तेच सांगितलं.

"आज सकाळीच डॉक्टरांकडे इंजेक्शन देऊन पिल्लाला कायमचं झोपवून आलो," तो म्हणाला. "बायकोला अजून सांगितलेलं नाही. काय सांगू तिला?"

"खरं सांगा," वहिनी म्हणाली. "माझं नाव घेऊन सांगा."

तिकडून फोन ठेवला गेला. ठुमकी पलंगाखाली घोरत होती, मध्येच श्वास अडकून दचकत होती. वहिनी खाली बसली आणि तिची मान जराशी उंच धरून राहिली.