झुलेकाचा दमा आणि माझा खोकला

मी मानी बोलतोय. मानी म्हणजे आमच्या स्पॅनिशमध्ये शेंगदाणा. अंगापिंडावरूनच नाव ठेवलं. जात चिवावा, आणि नोकरी म्हणाल तर दुसऱ्याचा दमा ओढून घेण्याची.

हसू नका. आमच्या पोर्तो रिकोत पोराला दमा असला की घरात चिवावा कुत्रा आणतात. तो उशाशी झोपला की दमा त्याच्यात उतरतो म्हणे! प्रोविदेन्सिया आजीने मला पिशवीत घालून आणलं ते नातीसाठी. "घे रे, हिचा सगळा दमा घे," म्हणाली आणि मला झुलेकाच्या उशीवर ठेवलं.

मी पोरीच्या छातीला कान लावला. आत शीळ वाजत होती. आजीच्या छातीतही तीच शीळ बारीक वाजते. झुलेकाची आई आविल्डा, तिची लहानपणीच थांबली. आजोबांना मात्र ही शीळ घेऊनच गेली.

एकदा आविल्डा दवाखान्यातून आली ती तणतणतच. "आई, डॉक्टरीण म्हणाली, हे आपल्या रक्तातलंय. कुणाला कमी येतं, कुणाला जास्त. हिच्या वाट्याला माझ्या बाबांचं आलंय. औषध ओढायच्या निळ्या पंपाने इतरांची छाती लगेच मोकळी होते, हिची नाही होत. म्हणून तपकिरी पंप रोज द्यायचा. बरं वाटलं तरी बंद करायचा नाही."

तपकिरी पंपाने पोरगी अंगणात धावायला लागली. श्रेय मला मिळालं, आणि खायला कोंबडीची कातडी.

मग मला खोकला लागला. आमच्या जातीची श्वासनळीच नाजूक. माझ्या आईलाही होता, म्हणजे माझाही वारसाच. पण आजी टाळ्या पिटत बाहेर आली.

"आविल्डा! उतरला गं, उतरला! ऐक, कुत्रा खोकतोय!"

"आई, डॉक्टरीण म्हणाली ना..."

"डॉक्टरणीला काय कळतंय! पोरीकडे बघ. एवढी बरी कधी होती?"

आविल्डाने बघितलं. पोरगी खरंच बरी होती. "त्या पंपाची चव घाणच आहे," झुलेका म्हणाली. तपकिरी पंप फडताळात गेला.

मी फडताळाखाली उभा राहून घसा फुटेस्तोवर भुंकलो. "बिचाऱ्याला फार त्रास होतोय," आजी कौतुकाने म्हणाली आणि मला आणखी कातडी घातली.

जूनमध्ये समुद्र ओलांडून आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाची धूळ आली. आभाळ पिवळट झालं. भरदुपारी झुलेका स्वयंपाकघराच्या दारातच खाली बसली. ओठ जांभळे. निळा पंप दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला. छाती उघडेना. "श्वास घे, राणी, घे ना गं!" आविल्डा ओरडत होती. दवाखान्याची गाडी आली आणि दोघींना घेऊन गेली.

पोरगी अजून तिकडेच आहे. यंत्र तिच्यासाठी श्वास घेतंय, असं आविल्डा फोनवर रडत सांगत होती. मी रिकाम्या उशीवर बसतो. उशीला अजून तिच्या केसांचा वास आहे.

आजी मेरीमातेच्या तसबिरीपुढून उठते आणि मला मांडीवर घेते. "खोक रे बाळा. अजून खोक. सगळं ओढून घे."

अहो, कुणीतरी सांगा हो तिला! माझा खोकला माझा आहे. पोरीचा दमा तिच्या रक्तातला आहे. मला तो घेता येत नाही. येत असता तर कधीच घेतला असता, सगळा, मेलो असतो तरी. पोरगी परत आली तर तो पंप फडताळातून काढा. एवढंच करा.

माझी भाषा कुणाला कळत नाही. आजी हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत बसते. मग मी खोकतो. जमेल तेवढा खोकतो.