उसवलेला पासवर्ड

मी एक जुना राऊटर आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या घरातही कपाटावर नाहीतर टीव्हीच्या मागे माझा एखादा भाऊ बसलेला असेल. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण इंटरनेट बंद पडलं की सगळं घर त्याच्या नावाने खडे फोडतं. रडगाणं गायला मी बसलेलो नाही. आमच्या मोठ्या बाईंना रडगाणं चालत नसे, आणि त्यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काढली आहेत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही हजारो भावंडं रांगेने पुढे जात होतो. तोंडाला फडकं बांधलेल्या एका मुलीने माझ्या पोटाला चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर माझं नाव आणि त्याखाली पासवर्ड. शेजारच्या भावाच्या पोटावरही तोच पासवर्ड, त्याच्या शेजारच्याच्याही तोच. हजारो कुलपांना एकच किल्ली! तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जन्मल्या जन्मल्या कुणाला एवढी अक्कल असते?

खोक्यात बसून, जहाजात हेलकावे खात मी एका शिवणघरात येऊन पोचलो. चार शिलाई मशिनी, कापणीचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात इस्त्रीची वाफ. तिथे फक्त बायकांचे कपडे शिवले जायचे आणि सगळा कारभार मोठ्या बाईंचा. बाईंची शाळा चार इयत्तांची, पण कापडावरून नुसता हात फिरवला की ते धुतल्यावर किती आटेल ते सांगायच्या. त्यांचा एक नियम होता. माप घेताना आकडा तोंडातून बाहेर काढायचा नाही. टेप लावायची, ओठ मिटायचे, वहीत लिहायचं. एकदा कामावरच्या एका मुलीने कुणाच्या तरी कंबरेवरून विनोद केला. बाईंनी मशीन थांबवली आणि तिची पिशवी तिच्या हातात दिली. "घरी जा. इथे बायका विश्वासाने हात वर करून उभ्या राहतात," एवढंच म्हणाल्या.

मला बसवायला आलेला वायरवाला जिना उतरता उतरता ओरडला, "पासवर्ड तेवढा बदलून घ्या हं!" चारही मशिनी धडधडत होत्या. कुणाच्या कानात शिरणार?

बाईंची सून भारी हौशी. कपडे घालून बघायला आलेल्या बायका बसल्या बसल्या पासवर्ड विचारायच्या. सांगून सांगून ती कंटाळली. मग तिने पांढऱ्या कापडावर माझा पासवर्ड निळ्या रेशमाने भरला. साखळी टाक्याची अक्षरं, कडेने वेल. चौकट करून भिंतीला लावला आणि दुकानाच्या जाहिरातीसाठी त्याचा फोटोही इंटरनेटवर टाकला. मी तर फुगूनच गेलो. माझ्या एवढ्या भावंडांत रेशमाने भरलेला मी एकटाच!

बाईंनीही माझं कौतुक केलं. त्या घरात उघडी वस्तू कुणाला खपत नसे. फोनला अभ्रा, पंख्याला अभ्रा, मग मी कसा सुटेन? मखमलीच्या तुकड्यांचा, आतून अस्तर लावलेला अभ्रा त्यांनी स्वतः शिवला. पण मित्रांनो, त्या मखमलीखाली माझे दिवे झाकले गेले. माझ्या आतली एखादी फट बुजवायला कंपनी दुरुस्ती पाठवायची, तेव्हा माझा नारिंगी दिवा मिचमिचायचा. "मला दुरुस्त करून घ्या," असं मी म्हणायचो आणि अस्तराला ऐकवायचो. पुढे कंपनीने दुरुस्त्या पाठवणंच बंद केलं.

मापांची वही फाटायला आली तेव्हा सुनेने तीनशे बारा बायकांची मापं एका पेनड्राइव्हवर घेतली आणि तो माझ्या पाठीत खोचला. बाईंनी चाळीस वर्षं मिटल्या ओठांमागे जे जपलं, ते आता माझ्या पाठीवर होतं. "हा आमचा राखणदार," सून सगळ्यांना सांगायची.

एका दुपारी शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या. बसल्या नाहीत. मोबाइल पुढे धरून हळू आवाजात म्हणाल्या, "मोठ्या बाई, हे वाचा."

कुणा अनोळखी कपडेवाल्याचा निरोप होता. कंबर चौतीस, दंड तेरा, डावा खांदा उतरता; आमच्याकडे तुमच्या मापाचे तयार कपडे आहेत.

"कंबर कुणी अंदाजाने सांगेल," मास्तरीणबाई म्हणाल्या, "पण माझा डावा खांदा उतरता आहे हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. 'डावा खांदा उतरता' हे शब्द त्यांच्याच वहीतले होते. मास्तरीणबाई शिवायला दिलेलं कापड तसंच उचलून घेऊन गेल्या.

मग माझ्यावर गदा आली. काजं करणारे काका रेडिओवरच्या बातम्या ऐकून तयारच होते. "मी म्हणत होतो! परदेशी डबा आहे. सगळं तिकडे पाठवत असणार. हातोडा आणा."

"काका, तुमची कात्री कुठली?" बाईंनी विचारलं.

"कात्री? ती... परदेशी. पण ती चांगली आहे हो!"

"मग बसा खाली. आधी बघू, मग फोडू."

बाईंची नात एका कचेरीत कॉम्प्युटर राखायचं काम करते. तिला बोलावणं गेलं. तिने माझा अभ्रा काढला, मला उलटं केलं, भिंतीवरची चौकट पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आजी, कारखान्याचाच पासवर्ड ठेवलात? ह्याच शब्दाने ह्याच्या आतल्या सगळ्या सेटिंगा उघडतात. बाहेरून यायची वाटसुद्धा उघडी आहे. आणि काकूने ती किल्ली जाहिरातीत छापली! जगात कुठेही बसून कुणीही आत आलं असेल."

"म्हणजे परदेशी कंपनीने काही केलं नाही?"

"ते मला सांगता येणार नाही. आत काय लिहिलंय ते कंपनी कुणाला दाखवत नाही. चार वर्षांत कंपनीने एक फट बुजवलेली नाही, एवढं मात्र खरं."

बाईंनी माझा काढून ठेवलेला अभ्रा हातात घेतला. "अस्तर उचकून दाखवत नाही त्याच्याकडून मी कधी कापड घेतलं नाही. हा डबा मात्र न बघता घेतला. आणि किल्ली आपणच टांगली. चूक त्यांचीही असेल, आपली तर आहेच."

सून रडवेली झाली. "आई, कुणाला सांगू नका. सांगितलंत तर एक गिऱ्हाईक उरायचं नाही."

"नाही उरलं तर नाही उरलं. त्यांची मापं गेलीत, आपली नाही."

आणि बाई कामाला लागल्या. तीनशे बारा बायका! फोन करायचा, घरातल्या दुसऱ्या कुणाला काही न सांगता त्याच बाईला बोलवायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. कुणी समजून घेतलं, कुणी वाट्टेल ते बोललं. एकीने तर फोन आपटला. बाईंनी पुन्हा लावला. "बोला, मला काय बोलायचं ते बोला, पण पुरतं ऐकून घ्या. असा निरोप आला तर उत्तर देऊ नका." सहा दिवस लागले. आवाज बसला, तरी एक नाव सोडलं नाही.

सातव्या दिवशी त्यांनी भिंतीवरची चौकट खाली घेतली. सून म्हणाली, "कापड राहू दे ना, आई. आठ दिवस बसून भरलंय."

"वाकडी शिवण उसवायची लाज वाटली तर शिंप्याने दुकान मिटावं." चष्मा लावून बाईंनी एकेक टाका उसवला. वेल तेवढा ठेवला. रेशीम निघालं, पण सुईची भोकं राहिली. ते कोरं कापड तसंच परत भिंतीला लावलं. "दिसू देत भोकं. बघितली की आठवेल."

नातीने नवा राऊटर आणला. ज्याची कंपनी पुढची किती वर्षं दुरुस्त्या पाठवणार ते लिहून देते, असा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला, गिऱ्हाइकांसाठी वेगळी वाट करून दिली, आणि त्याला अभ्रा घालायला बाईंनी सगळ्यांना बंदी केली. मापं पुन्हा वहीत गेली, वही कपाटात, किल्ली बाईंच्या कमरेला.

माझी वायर मात्र बाईंनी स्वतः काढली. "नऊ वर्षं राबलास. दोष एकट्या तुझा नाही. पण फाटक्या शिवणीवर मी बायकांना उभं करणार नाही." मला वाईट वाटलं नाही, मित्रांनो. मीही हेच म्हटलं असतं.

आता मी मोडीच्या टोपलीत आहे. आतलं सगळं पुसून झालंय, उद्या मला घेऊन जातील. आज दुपारी मास्तरीणबाई आल्या होत्या. बगलेत तेच कापड. त्यांनी भिंतीवरची भोकं पाहिली आणि मापासाठी दोन्ही हात वर केले. बाईंनी टेप लावली आणि ओठ मिटले.

तेव्हा आजच घरी जाऊन माझ्या भावाला उलटं करा. चिठ्ठीवरचा पासवर्ड अजून तोच असेल तर मोठ्यांना हाताला धरून आणा आणि बदलायला लावा. दुरुस्ती शेवटची कधी घातली ते विचारा. "नंतर बघू" म्हणाले तर हलू नका तिथून.