गजावरची खूण

मिस्त्रींनी बुचाचं तोंड दिव्याच्या ज्योतीवर धरलं, काजळी सगळीकडे सारखी बसली याची खात्री केली आणि व्हाइसमध्ये आवळलेल्या बंदुकीच्या नळीत बूच हलक्या हाताने फिरवायला सुरुवात केली. शेवटी पाना लावावा लागला. लोखंड कुरकुरलं तशी बाकावर बसलेली लेक पुढे वाकली.

"ओरडतंय, बाबा."

"ओरडू दे. नवीन सोयरीक आहे, जरा कुरबुर व्हायचीच."

विनोद त्यांनी केला खरा, पण हसलं कुणीच नाही. मिस्त्रींनी बूच पुन्हा काढलं आणि तोंड उजेडाकडे वळवलं. काजळी एका बाजूने पुसली गेली होती, दुसऱ्या बाजूला जशीच्या तशी होती. म्हणजे बूच अजून आत सगळीकडून टेकत नव्हतं. त्यांनी कानस घेतली.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून भरतात, आणि नळीचं बूड बंद करतं ते हे बूच. ते पूर्ण आवळलं की त्याची शेपटी, म्हणजे मागे निघालेली पट्टी, बरोबर वरच्या बाजूला यायला हवी आणि त्याच वेळी आतलं तोंड नळीतल्या कडेला चिकटून बसायला हवं. आत फट राहिली तर तिच्यात राख साचते आणि लोखंड आतल्या आत कुजतं. कानशीचा एक हात जास्त पडला तर शेपटी पुढे निघून जाते, आणि मग बूच भंगारात. मिस्त्रींनी असली बुचं उभा जन्म बसवली होती. मग ती बसवणं सोडून दिलं होतं.

कारण समोर बाकावरच बसलं होतं. लेकीच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. कॉलेजात असताना ती मैदानावर नेमबाजीचा सराव करत होती आणि मिस्त्रींनी बनवलेली नळी तिच्या हातात फाटली. चीर थेट आट्यांपर्यंत, म्हणजे बूच ज्या खाचांत फिरवून आवळतात तिथपर्यंत, गेलेली होती. ती एकदाच पाहून मिस्त्रींनी ओळखलं, की आपण आटे खोल पाडले आणि नळी तिथे पातळ झाली. त्यांनी नळीचे तुकडे भंगारवाल्याला देऊन टाकले. त्यांच्या बायकोने त्या दिवशी दवाखान्यात एकच वाक्य उच्चारलं होतं, "तुमच्या हाताने केलंत." ते पुन्हा कधी बोलायची तिला गरज पडली नाही. त्यानंतर मिस्त्री चाप दुरुस्त करत, दस्ते घासत. नळीला मात्र हात लावत नसत.

आणि आता लेकच नवी नळी घेऊन आली होती. दुसरं कुणी बूच बसवणार असेल तर नळी परत देईन, म्हणाली. हट्टात ती आईवर गेली होती.

बरीच काढघाल झाल्यावर एकदाची काजळी सगळीकडून पुसली गेली आणि शेपटीही सरळ वर आली. मिस्त्रींनी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. ते कुठेतरी किंचित अडकल्यासारखं वाटलं. पुन्हा फिरवलं, तेव्हा नाही अडकलं. त्यांचा स्वतःच्या नखावरही विश्वास उरला नव्हता.

बंदूक जुळवून झाल्यावर दोघं घरामागच्या मातीच्या बांधाकडे गेली. स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच उघडते. आत बायको भांडी जरा जास्तच जोरात घासत होती. पहिले दोन बार मिस्त्रींनी स्वतः भरले, दारू मुद्दाम जास्त घातली, बंदूक जुन्या टायरला बांधली आणि भिंतीआडून दोरीने चाप ओढला. दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन्ही वेळा नळी शाबूत राहिली.

"आता मी," लेक म्हणाली.

"अजून एक दोरीने काढू."

"बाबा, किती दिवस दोरीने काढणार?"

त्यांनी बंदूक टायरवरून सोडवून तिच्या हातात दिली. तिने मोजून दारू ओतली, चिंधीत गुंडाळलेली गोळी तोंडावर ठेवली आणि गजाने खाली रेटली. नेहमीच्या सवयीने गज दोनदा टकटक आपटला.

"बसली."

तिने हात गजाकडे नेला, बाहेर काढायला. मिस्त्रींची नजर गजावरच खिळली होती. मघाशी त्यांनी जास्तीच्या दारूवर गोळी बसवली तेव्हाही गज तोंडाबाहेर बोटभरच उरला होता. आता चांगला वीतभर दिसत होता. दोन बारांच्या राखेने नळी आतून चिकट झाली होती. गोळी वाटेतच अडकली होती आणि तिच्याखाली, दारूच्या वर, नुसती हवा होती. असा बार काढला तर नळी कितीही चांगली असो, गोळीपाशी फाटते. म्हणजे जिथे डावा हात असतो तिथे.

ती जुनी चीर आट्यांपासून पुढे गेली होती, की पुढून आट्यांपर्यंत आली होती? हे त्यांनी तेव्हा बघितलंच नव्हतं. गुन्हेगार सापडला होता, मग शोधायचं कशाला?

"हात काढ," ते म्हणाले.

त्यांनी गज दोन्ही हातांनी धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून रेटला. गज सरकला, आणखी सरकला आणि बोटभराहूनही कमी उरल्यावर ठाम थांबला. मग खिशातली बारीक कानस काढून त्यांनी नळीच्या तोंडालगत गजावर एक खूण पाडली.

"इथवर जायला हवा. खूण नळीच्या तोंडाला टेकली तर बार काढायचा, नाहीतर नाही."

लेक त्या खुणेकडे बघत राहिली. मग खुणेपासून वर, मघाशी गज जिथवर दिसत होता तिथवर, तिने उरलेल्या बोटांनी अंतर मोजलं.

"मैदानावर तेव्हाही दोनदा टकटक केली होती मी," ती म्हणाली. "बऱ्याच बारांनंतर. तेव्हाही गोळी जड गेली होती."

"तेव्हा गजावर खूण नव्हती. खूण पाडायचं काम माझं होतं."

"बाबा."

"माझंच होतं म्हटलं ना."

तिने गज काढून घेतला, भरलेली बंदूक त्यांच्या हातात दिली आणि ती घराकडे चालू लागली. जाताना गज तिने बरोबरच नेला. ती मागच्या दाराने आत आईकडे गेली. थोड्या वेळाने आतली भांडी थांबली.

मिस्त्री नळीचं तोंड बांधाकडे करून तसेच उभे राहिले. अंगठा आपोआप बुचाच्या सांध्यावर गेला. त्यांनी नख एकदा फिरवलं, मग उलट फिरवलं. ते कुठेही अडकलं नाही.