रात्री गोठलं का?

अनुराधाने परातीत साखर पसरली, तिच्यावर ओलसर रव्याचा थर दाबला आणि परात एका कडेने हळूहळू उचलली. दुसऱ्या हातात मुलीच्या, आर्याच्या, कंपासपेटीतला कोनमापक होता. तीस अंशांवर काही झालं नाही. अडतीस झाले तसा रव्याचा अख्खा थर सुटला आणि टेबलावर येऊन पडला.

“वहिनी, आता याचा शिरा करा,” निमिष म्हणाला. उन्मेष मोठ्याने हसला.

निमिष उन्मेषचा धाकटा भाऊ, रियाधमध्येच बँकेत होता. एप्रिलच्या सुट्टीत तो तीन मित्रांबरोबर हिमाचलातली एक खिंड ओलांडणार होता. लग्नाआधी अनुराधाने चार हिवाळे मनालीच्या वर, एका चौकीत बर्फाच्या नोंदी घेतल्या होत्या. इथे तिच्या इकाम्यावर, म्हणजे रहिवासाच्या परवान्यावर, उन्मेषची पत्नी एवढंच होतं, आणि त्याखाली, काम करण्यास परवानगी नाही.

तिने निमिषला थोडंच सांगितलं. या दिवसांत बर्फ रात्री गोठतं आणि उन्हाने सुटतं. पहाटे चारला निघायचं, दहाच्या आत उतार मागे टाकायचा. रात्र ढगाळ गेली तर गोठतच नाही; त्या दिवशी निघायचं नाही. बूट घोट्याच्या वर रुतू लागला की मागे फिरायचं. निमिषने मान डोलावली. शिरा मात्र दोनदा घेतला.

शेवटच्या गावातून त्याचा फोन आला, तेव्हा रियाधमध्ये साडेसहा वाजले होते. म्हणजे तिथे नऊ. काल दमलो म्हणून उशिरा उठलो, पराठे खाल्ले, आता निघतो, असं तो सांगत होता.

“रात्री गोठलं का?”

“छान ऊब होती, वहिनी. ढग होते ना. स्वेटरसुद्धा लागला नाही.”

“मग आज जाऊ नकोस. निमिष, उतार सुटेल. गाडले जाल.”

उन्मेषने तिच्या हातातून फोन घेतला. “जा रे, मजा कर,” म्हणाला आणि ठेवून दिला. मग तिच्याकडे न बघता बोलला, “माणूस निघताना असं अभद्र बोलतात?”

दुपारी उतार सुटला. मित्र वाचले. निमिष अकराव्या दिवशी सापडला.

सासूबाईंनी नाशिकहून फोन केला. “तुझ्याच तोंडून निघालं ते,” एवढंच म्हणाल्या. तो किती वाजता निघाला, हे कुणीच विचारलं नाही. उन्मेषनेही नाही.

डिसेंबरात आर्या मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर लाल वाळूच्या टेकड्यांवर निघाली. खाली गाडी हॉर्न देत होती. अनुराधाने तिच्या दप्तराचा पट्टा सारखा केला आणि तोंड उघडलं. दाराशी उन्मेष उभा होता, तिच्याकडेच बघत.

“मजा कर,” ती म्हणाली.

आर्याच्या डब्यात, पोळ्यांच्या खाली, घडी केलेला कागद होता. त्यावर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: उतारात खड्डा करून आत बसू नकोस. वाळू चौतीस अंशांना सुटते.